देखभालीचा रकाना

पांझरेच्या पाटाकडेनं, भिलाटी ते शाळा,
साडेचार किलोमीटर, वर थोडे मीटर.
मी मोजणीचं चाक ढकलतोय.
पुढे पुंजू दगा, जुन्या पाटकऱ्याचा नातू,
दहा पावलं चालतो की वाकतो,
बाभळीचा काटा उचलून टोपीत टाकतो.

"आठे पोरी उतरतीस," म्हणाला.
मोरी फुटलीय. सायकली उचलून
चिखलातून जातात त्या, दप्तरं डोक्यावर.
फॉर्मात उताराचा रकाना आहे,
उतरण्याचा नाही.
सावलीचाही नाही. समासात लिहिलं:
निंब तीन, पैकी एक वाळलेला.

पेव्हर ब्लॉक टाकायचे का, विचारलं
तर टोपी हलवून हसला, काटे खुळखुळले.
"लोके चालनात तं वाट से, भाऊ.
नही तं काटा."

शेवटचा रकाना: देखभाल.
कोण करणार, कुठल्या लेखाशीर्षातून?
ऑफिसला फोन लावला.
"निरंक लिही अन् ये," म्हणाले.

रात्री साक्रीच्या खोलीवर
नकाशा फाईलला लावायला टाचणी सापडेना.
बुटाच्या तळात रुतलेला काटा
पकडीनं ओढून काढला.
पुंजूच्या नजरेतून हा एक सुटला होता.
त्यानंच कागद टाचले.

निरंक अजून लिहिलेलं नाही.