माळेगावची अठरावी

कपाटात सतरा आहेत.
एक जर्मन, अक्रोडी दस्त्याची,
नळीवर आकडा कोरलाय: पाचशेपैकी एकशे बारा.
तिनं अजून एकही छर्रा चाखला नाही.
महिन्याला तिच्या चामडी वॉशरला तेलाचा थेंब देतो.
जावई म्हणतो, म्हशीला बी कुणी एवढं जपत नाही.

अठरावी माळेगावच्या जत्रेत सापडली,
घोड्यांच्या बाजारामागं,
शेवंताबाईच्या फुग्यांच्या फळीपुढं.
नाव घासून गेलेलं,
दस्त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
दहा छर्रे मारले. दहाही फळीत.

"माशी वाकडी हाय," ती म्हणाली.
"सासऱ्यानंच वाकवली. न्हाईतर फुगे पुरतेत का?"

पैसे दोनदा मोजले, कमरेला खोचले.
मग बंदूक परत मागितली, एकदाच.
गाल टेकवला,
नेम दोन बोटं डावीकडं सोडला,
पिवळा फुगा गेला.
"ह्याचे दोन रुपये ऱ्हायले," म्हणाली मलाच.

नांदेडला येऊन पक्कड काढली.
माशी सरळ करायला
दोन मिनिटं लागली असती.
पक्कड अजून तिथंच आहे,
तेलाच्या बाटलीशेजारी.