मध्यम पातळी, चाचणी तिसरी

कुताइसी, संध्याकाळचे सात.
खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान,
वर आमचा वर्ग : सहा बाकं, एक हीटर.
हीटर लावला की दिवा मंदावतो,
म्हणून ऊब की उजेड
हे आधी हात वर करून ठरतं.
आज उजेड जिंकला. सगळे कोट घालूनच बसलेत.

प्रश्नपत्रिका मी पुस्तकातून उतरवली.
त्या पुस्तकातल्या माणसांचे प्रिंटर बिघडतात,
ती पासवर्ड विसरतात
आणि एकमेकांना फार नम्रपणे तसं कळवतात.
त्यांच्याकडे वीज कधीच जात नाही.

गाळलेल्या जागा भरा. गुण वीस.

बेकरीतल्या ख्विचाला शब्द सगळे येतात,
स्क्रीनशॉट, अपडेट, ब्लूटूथ,
पण 'द' कुठे लावायचा म्हटलं
की तो मीठ टाकावं तसा चिमटीने टाकतो,
चवीपुरता.
आमच्या भाषेत 'द' नाही.
'ही' आणि 'शी' सुद्धा नाहीत,
एकच सर्वनाम सगळ्यांना पुरतं.
त्यामुळे मझियाच्या निबंधात तिचा नवरा
तिसऱ्या ओळीपर्यंत बाई आहे.

बिद्झिना व्हॅन चालवतो,
त्याला पोलंडच्या गोदामात कामाला जायचंय.
प्रश्न चौथा : माझ्या फोनची बॅटरी संपली, तर मी...
उत्तरसूची म्हणते, तर मी चार्जर शोधेन.
त्याने लिहिलंय, तर मी येईन.
व्याकरणात खोट नाही.
वर्गातच अर्धा गुण दिला,
उरलेला अर्धा
रात्री रिओनीवरचा पूल ओलांडून घरी पोचल्यावर.

आणि जुजुना.
तिला अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजची सवय,
कानांवर हेडफोन, समोर भोकांची भिंत,
दोन्ही हातांत दोऱ्या.
'जोड्या लावा' वाचून ती एकटीच हसली.
आयुष्यभर दुसरं काय केलं मी, म्हणाली.
कनेक्ट, होल्ड, हँग अप :
बाकीच्यांना ही काचेवरची चित्रं.
तिचा उजवा हात आधी खांद्याच्या उंचीवर जातो,
हवेत काहीतरी खुपसतो,
मग खाली येऊन पेन उचलतो.
सगळ्या जोड्या बरोबर.

प्रश्न सतरावा :
त्याचं बोलणं संपण्याआधीच फोन...
तिथे ती थांबली.
खालच्या दुकानात कुणीतरी
एकामागून एक रिंगटोन वाजवून बघत होतं.
तिने हात वर केला.
मला वाटलं, हीटर हवा असेल.
"'ही' म्हणजे पुरुषच ना? नक्की?"
नक्की.
"कोण आहे तो?"
कुणी नाही हो, पुस्तकातलं वाक्य आहे.
"कुठून बोलत होता?"
मी घड्याळाकडे पाहिलं. म्हटलं, दहा मिनिटं उरली.

पेपर आता माझ्या टेबलावर आहे.
सतराव्याची जागा कोरी.
बाजूच्या समासात मात्र बारीक अक्षरात,
काळ चालू भूतकाळ, एकदम अचूक :
सप्टेंबर त्र्याण्णव. तो सुखुमीहून बोलत होता.
लाइन मी धरली होती. तो सांगत होता,
मुलांना सांग की

पुढे पूर्णविराम नाही.
काही नाही.

समासातल्या मजकुराला गुण नसतात.
तरी मी दोनदा वाचलं, नियमाप्रमाणे चूक शोधली.
सापडली : लाइनच्या आधी एक 'द' राहिलाय.
तेवढा हिरव्या शाईने घातला.
पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं,
आणि शेवटच्या शब्दानंतरची जागा
गाळलेलीच राहू दिली.