बंद गीझरचं पाणी

मे संपता संपता गोलपोस्टची जाळी उतरली
आणि कोच हिशाम मन्सूऱ्याला निघून गेले, आईकडे.
जाताना प्रत्येक मुलीच्या हातात एकेक कागद:
जिने, उड्या, पोटाचे व्यायाम,
खाली हिरव्या शाईत, चेंडूला रोज पाय लागू दे.

दलाल लंडनला गेली, अन्सिला कोट्टयमला,
जोसलीनचं घर तर कायमचंच आवरलं.
आमची तिकिटं या वर्षी नाहीत.
ऋजुतानं कारण विचारलं नाही,
ते जास्त लागलं.

बाहेर एकोणपन्नास.
साल्मियाची मांजरं एटीएमच्या काचेला पाठ लावून पडलेली.
थंड नळाखाली हात धरला की चटका,
म्हणून मे ते सप्टेंबर आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि गरम पाण्याच्या नळानं आंघोळ करतो.
नवीन माणसाला हे दोनदा सांगावं लागतं.

पहिला आठवडा ती सोफ्याभोवती पळाली.
खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं गेलं.
दुसरा आठवडा लोळली.
तिसऱ्यात कागद फ्रिजवरून खाली पडला,
तीन दिवस तिथंच.
मीही ओलांडून गेलो.

बोललो नाही असं नाही. बोललो की.
कोल्हापूर काढलं, नेहमीचंच:
आमच्या पेठेत दप्तरांचे गोलपोस्ट,
मोसम संपला तरी तालमीच्या पोरांना सुट्टी नाही,
पहाटे वस्ताद दाराची कडी वाजवायचे...
ती म्हणाली, "बाबा, तिथं हवा होती."
मग पुन्हा मोबाईल.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस.
केबिन कुठल्या मजल्यावर अडकलीय
ते मला आवाजावरून कळतं.
पोरीचं कळेना.

जुलैत आमच्याच इमारतीची लिफ्ट गेली.
कार्ड जळालं, नवं यायला नऊ दिवस.
लोक माझ्याकडे असे बघायचे,
जणू मीच खिशात घालून फिरतोय ते.
हारीस शफीकुल पाण्याचा एकेक कॅन खांद्यावर घेऊन
अकराव्या मजल्यावरच्या उम्म फहदकडे चढायचा,
सातव्याला बसायचा, बनियन पिळायचा.
एका संध्याकाळी ऋजुतानं दार उघडलं,
त्याला तसं बसलेलं पाहिलं,
चप्पल काढून बूट घातले
आणि काही न बोलता कॅनचं दुसरं टोक धरलं.

नऊ दिवस. किती जिने, मी मोजले नाहीत.
रात्री पोटऱ्यांना तेल लावताना कण्हायची
आणि जेवायची अशी, की भात पुन्हा लावावा लागे.
उम्म फहद खजूर द्यायची, वर गालगुच्चा.

दहाव्या दिवशी लिफ्ट सुरू झाली.
मला वाटलं, झालं, संपलं.
पण शफीकुलनं सिरदाबचा दिवा चालू केला.
अर्धी इमारत सुट्टीवर, अर्ध्या गाड्या विमानतळावर.
एकतीस आणि बत्तीस नंबरच्या खांबांमध्ये
तो खडूची रेघ ओढून उभा राहिला,
लुंगी खोचून, दोन्ही हातांत रबरी चपला:
"मारो, बेटी."

पहिले चार चेंडू त्यानं अडवले.
पाचवा कुणाच्या तरी निसानच्या आरशावर.
त्या आरशाचे पैसे मी अजून देतोय,
ते असो.

आता ऑगस्ट. हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर.
मैदान उघडायला अजून बरेच दिवस आहेत,
उघडेल तेव्हा संघात कोण कोण उरलेलं असेल, माहीत नाही.
काल तेलपाणी करायला मी शाफ्टमध्ये उतरलो,
दोऱ्यांच्या अंधारात, बॅटरी तोंडात धरून,
तेव्हा खालून आवाज वर येत होता,
धप्, धप्, धप्,
एकशे बारा, एकशे तेरा,
मग चेंडू घरंगळल्याचा, मग एक शिवी
जी मी घरात कधी दिली नाही असं मला वाटत होतं,
मग शांतता.

मी पाना तसाच हातात धरून थांबलो.

धप्.
एक.