चौथा हात

कुताइसीत असं डोकं नसेल
ज्यावरून माझा कंगवा गेला नाही.
बेचाळीस वर्षं. नवरदेवांची डोकी, मुडद्यांची डोकी,
सैन्यात निघालेल्या पोरांची; त्यांच्या आया दाराबाहेर थांबायच्या
आणि झाडून काढलेल्यातली एखादी बट
रुमालात बांधून न्यायच्या.
डोकी सगळी गरीब असतात. हनुवटीला बोट लावलं
की मान आपोआप वळते.

नात्सारा वळत नाही.

राखेच्या रंगाची, म्हणून नात्सारा.
पावाच्या भट्टीमागे सापडली तेव्हा मुठीएवढी होती,
आता खुर्चीभर आहे, आणि खुर्ची तिचीच आहे.
गिऱ्हाईक आलं की मी त्याला स्टुलावर बसवतो.

पहिला ब्रश घोड्याच्या केसांचा, माझ्या वडिलांचा.
तिनं वास घेतला
आणि जप्ती आणणाऱ्या कारकुनाकडे बघावं
तसं माझ्याकडे बघितलं.
दुसरा लोखंडी दातांचा. तो सोफ्याखाली गेला,
म्हणजे तिनंच नेला.
तिसरा रबरी, हातमोज्यासारखा, मकवालानं बाजारातून आणलेला:
“मांजराला पत्ता लागत नाही, ओतिया,
तिला वाटतं तू लाड करतोयस.”
तिला पत्ता लागला.
मलाही लागला, मनगटापासून कोपरापर्यंत.

आता आमचं ठरलंय.
पहिला हात मानेपासून शेपटीपर्यंत:
ती डोळे मिटते, चोरून दूध पिताना मिटते तसे.
दुसऱ्या हाताला पाठ आपणहून वर येते,
आत कुठेतरी जातं फिरू लागतं.
तिसऱ्याला शेपटीचं टोक, फक्त टोक,
हलतं.
तिथे थांबायचं.
चौथा हात म्हणजे दात.

सेवेरियाने म्हणाला, तीन हातांत कसली हजामत होते?
मी म्हणालो, तुझी बायको तुला किती हात देते रे?
आरशात तो हसला नाही.
जीभ चावली मी. विसरलोच होतो,
ती सात वर्षं इटलीत आहे, बारीमध्ये,
कुणा म्हातारीला आंघोळ घालते, तिचे केस विंचरते,
दर महिन्याला पैसे पाठवते.
रविवारी फोनवर दिसते तेव्हा
तिचेच केस विस्कटलेले असतात, म्हणाला,
आणि मी काही बोलत नाही.

त्याच्या मानेवर मी उगाच ब्रश फिरवत राहिलो.
केस कधीच झटकून झाले होते.

हे सगळं शरदात. तुतीची पानं गळून गेलेली,
रात्री वारा सुटलेला,
आणि सकाळी दुकानाच्या पायरीवर एक घरटं पडलेलं,
रिकामं, बशीएवढं.
वसंतात नात्साराचे गळलेले केस मी खिडकीतून उडवतो,
गिऱ्हाइकांचेही, कोण कचरापेटीपर्यंत जातो?
न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघणार म्हणतात;
हे तर कुणीतरी उकरून विणून ठेवलं होतं.
आतलं अस्तर राखाडी, मऊ.
कडेला राठ काळे, दोन-चार लाल,
आणि पांढरे. पांढरे कुणाचे ते मी ओळखलं,
केसांत मी चुकत नाही.

म्हणजे वैशाखात पिल्लं निजली होती
मांजराच्या अंगावर, मांजर खाली
खिडकीत बसून त्यांच्याकडे बघून
दात कटकट वाजवत असताना.

घरटं मी वस्तऱ्यांच्या तबकात ठेवलं.
नात्सारा खुर्चीवरून उतरली (ती उतरत नाही),
फळीवर चढली, हुंगलं,
आणि चाटायला लागली.
खरखरीत जिभेनं, एका दिशेनं,
कडेकडेनं, मग आत,
राखाडी, पांढरे, काही न निवडता.
एक. दोन. तीन.
मी हात मागे घेतला, सवयीनं.
चार. पाच.

सेवेरियाने स्टुलावर, गळ्याभोवती कापड,
अर्धं डोकं कापलेलं, अर्धं राहिलेलं,
ओठ हलवत होता.
सहा, म्हणाला तो.
सात.