झूम नसलेली लेन्स

शेडबाळेंनी काचेवर दोन कॅमेरे मांडले,
एक माझ्या पगाराएवढा,
दुसरा माझ्या लग्नाएवढा.
"काय काढता?"
मी जुनाच पुढे केला.

हरिपूरच्या संगमावरचा खंड्या, हललेला.
आयर्विन पुलावरची पहाट, काळी.
मार्केट यार्डातला हमाल,
पापण्यांपर्यंत हळद.
तिथं त्यांचं बोट थांबलं.

"खंड्यासाठी श्वास धरायला शिका,
तो काय दुकानात मिळत नाही बघा."
मग झूमची रिंग फिरवली. करकरली.
ब्रशनं झाडली तर
काचेवर चिमूटभर पिवळं.

मोठ्याची किंमत विचारायची राहिलीच.
पन्नास एमएमची लेन्स, तीही सेकंडहँड,
खिशात घालून निघालो.
झूम नाही तिला.
जवळचं हवं तर
चालत जावं लागणार त्या हमालापर्यंत,
नाव विचारावं लागणार,
आणि आधी तो नकोच म्हणणार.