नऊ अंश

मुलानं ड्रायव्हर पाठवला, नऊ अंशांचा.
डोकं काळं, चकचकीत, ताज्या वांग्यासारखं.
सोबत चिठ्ठी : बाबा, रिटायर झालात, आता मारा लांब.

सातारा सोडून कोरेगाव रस्त्याला
बंद पडलेल्या वीटभट्टीची मोकळी जागा.
रस्त्याच्या अंगाला पॉलिहाऊसची जुनी जाळी ताणलेली,
समोर धोमचा कालवा, मग ऊस.
सकाळी साडेसहाला तिथं मी आणि सुभेदार इंगवले.

पहिले तेरा चेंडू जमिनीलगत सरपटले.
चौदावा उजवीकडं वळून
रानडुकरासारखा फडात घुसला.
मी म्हटलं, "जोर कमी पडतोय."
"जोर आहे तेवढाच आहे, साहेब.
अठ्ठावन्न वर्षांचा. तो काही वाढत नाही आता.
कोन वाढवा."

तंबाखूच्या डबीतला चुना
त्यांनी ड्रायव्हरच्या तोंडावर पातळ फासला. "मारा."
ठसा उठला, जरा टाचेकडं.
"हे सुधारेल," ते म्हणाले,
आणि नऊच्या आकड्यावर नख वाजवलं,
"ह्याचं काय?"

तीस वर्षं मी उतार मोजले.
पाच हजार मीटरला एक मीटर,
एवढ्याशा उतारावर पाणी गावोगाव नेलं.
नव्या पोरांना सांगायचो,
पाण्याला ढकलायचं नसतं रे, वाट द्यायची.
आणि इथं दात-ओठ खाऊन
चेंडूला ढकलत होतो.

सुभेदारांनी त्यांचा दिला.
बारा अंशांचा,
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेला.
टी जरा उंच लावली.
चेंडू चढला,
जरंडेश्वराच्या माथ्याशी क्षणभर थबकल्यासा,
मग यवतेश्वराकडून येणाऱ्या वाऱ्यावर बसून
सावकाश
कालव्यापलीकडं उतरला.
सुभेदार चुना पुसत होते. बघितलंही नाही त्यांनी.

रात्री माळ्यावरून जुनी ॲबनी लेव्हल काढली.
सवय.
मुलाचा नऊ मोजला : साडेदहा.
सुभेदारांचा बारा : चौदाला किंचित कमी.
छापणारा वेगळा, घासणारा वेगळा.
आमच्या खात्यातही असंच असायचं,
नकाशावर एक, चरात दुसरंच.

मुलाचा फोन आला. "कसा आहे नऊ?"
"झकास," म्हटलं.
वांगं कपाटावर होतं, प्लास्टिकसकट.

सुभेदारांना चौदाचं बोललो नाही.
ते अजून बारा समजून मारतात.
कालवा रोज ओलांडतात.