कलम चौदा

करार मी टाइप केला.
दोन्ही बाजूंसाठी मीच,
हिंगण्याच्या त्या कारखान्यात मराठी टायपिंग येणारी एकटी.
मे महिना. कूलरमधला वाळा कुजलेला,
त्याचा वास प्रत्येक प्रतीला.

तेराव्या कलमापर्यंत सगळं पैशाचं होतं :
भत्ता, बोनस, गमबूट, कॅन्टीनचे पोहे.
चौदाव्यावर नऊ दिवस अडलं.
लाहोटी म्हणाले, यंत्र मी आणायचं, पैसा मी घालायचा,
आणि माणूस एकही कमी नाही करायचा?
मग यंत्र काय गणपती म्हणून बसवू?
चहांदे हसले नाहीत.
"बसवा. पण विसर्जन आमचं नाही करायचं."

खोका तेव्हा आवारातच होता,
ताडपत्रीखाली, परदेशी अक्षरांचा.
आत कोळशाच्या पट्ट्यांचे रोलर जुळवणारं यंत्र.
दीड वर्ष कोणी खिळा काढला नाही.
दुपारपाळीची माणसं त्याच्या सावलीत डबे खायची,
त्याच्याकडे पाठ करून.

दुसरी शेडही आमच्याकडेच होणार होती.
पायाच्या चुन्याच्या रेघा मी पाहिल्यात.
ती पीथमपूरला गेली.
साहेब म्हणाले, युनियनमुळे.
चहांदे म्हणाले, तिथं जमीन स्वस्तात मिळाली म्हणून.
फाइल माझ्या कपाटात होती.
फाइलमध्ये दोन्ही कागद होते.

पहिल्या मसुद्यात माझ्याकडून एक शब्द सुटला :
"नव्या यंत्रामुळे अथवा सुधारणेमुळे
कोणाही कामगारास कमी करण्यात येणार"
इथे पान संपलं,
आणि पुढच्या पानावर 'नाही' आलाच नाही.
चहांदेंनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.
"बाई, चारशे बारा घरं आहेत या एका शब्दात."

सह्या झाल्या. तर्री-पोहे आले, पेढे आले.
सोमवारी पराते ऑफिसात आला.
रूपचंद पराते, फिटर, बोलणं बेताचं,
बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
डब्याच्या पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं :
पितळेचा तुकडा, सायकलच्या ट्यूबची पट्टी, एक स्प्रिंग.
सील बसवायला चार मिनिटं लागत.
यानं सव्वा.

"कधी केलं हे?"
"सात वर्षं झाले."
"सात वर्षं! काऊन नाही सांगितलं बे?"
साहेब नागपूरचेच, चिडल्यावर कळायचं.

पराते खिडकीबाहेर पाहत राहिला.
"आमी अकरा जण होतो त्या टेबलावर.
सांगतलं असतं त चारच उरलो असतो.
रात्रपाळीत काढू बाहेर, काम आटपलं का
बसून राहू."

साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला,
सात वर्षं, तीन पाळ्या, पावणेतीन मिनिटं.
आकडा कोणाला दाखवला नाही,
मला टाइप करायलाही दिला नाही.

खोका दिवाळीनंतर उघडला.
यंत्र चांगलं आहे. महिन्यातून दोनदा रुसतं,
मग परातेला बोलावतात.
चुन्याच्या रेघांवर आता तरोटा माजलाय,
पावसाळ्यात बाया येऊन भाजीला खुडून नेतात.

माझा भाचा पीथमपूरला लागला, त्याच शेडमध्ये.
कंत्राटावर. दर सहा महिन्यांनी नवा कागद,
युनियन नाही, खोके आल्या दिवशीच उघडतात.
सुट्टीत आला तेव्हा जेवता जेवता विचारलं,
दिवसभर मशीन पाहून तुझ्या डोक्यात काही येतं का रे?

"येते न मावशी," तो म्हणाला.
"पिशवीत आहे."